बापलेकाच्या नावाचे नाणे

मी, रंगूबाई पंढरी साळुंखे, वय आधारकार्डाप्रमाणे ७४, काम घरचेच, राहणार नावडे कॉलनी, मूळ पाटण तालुका, जिल्हा सातारा. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी मुलगा सयाजी याच्याकडे राहते. मला पणतू झाला आहे. वजन चांगले भरले, जावळ काळेभोर. हे लिहायचे नसते असे साहेब म्हणाले, तरी लिहावे.

सयाजी मार्केटात माथाडी होता. त्याला दोन राजांनी मिळून पाडलेली जुनी नाणी जमवायचा नाद. त्यात दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाचे नाणे त्याच्या जिवाचे. एका अंगाला बापाचे नाव, दुसऱ्या अंगाला लेक फतेहखानाचे. येईल त्याला दाखवतो, "बघा, जिवंतपणी लेकाला नाण्यावर घेतला!" मी एकदा म्हटले, "मग तू शिवतेजला घरात तरी घे की." त्याने डबी मिटली.

शिवतेज त्याचा मुलगा. त्याने उरणच्या मुसलमान घरातल्या शायमाशी लग्न केले, तेव्हापासून बोलणे नाही.

रविवारी बाळाचे नाव ठेवायचे होते. शिवतेज मला न्यायला आला, पण वर आला नाही, सोसायटीच्या गेटवरच थांबला. आमच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गळ्यात घरातले जुने नाणे बांधतात. सयाजीलाही बांधले होते. मी डबीतले नाणे कनवटीला लावले, वाटेत सोनाराकडून भोक पाडून घेतले. त्याला बजावले, "बापाच्या नावात नको, लेकाच्याही नको, कडेला पाड." बाळाला फार शोभते.

सोमवारी सयाजीने चोरी म्हणून आरडाओरडा केला, शिवतेजचे नाव घेतले. मी तिथेच भाकरी थापत होते. बोलले नाही. खरे कळले तर हा बाळाच्या गळ्यातून नाणे तोडून आणील असे वाटले. तो फिर्याद देऊन आला, मी त्याला वाढले.

आज शिवतेज बाहेर बाकावर बसलेला दिसला. नाणे कोणी आणले ते त्याला ठाऊक आहे. त्याने साहेबांना सांगितलेले नाही. मला म्हणाला, "आजी, चहा घेतलास का?" मी आत येऊन साहेबांना म्हटले, माझे लिहून घ्या.

भोक पडल्याचे सयाजीला अजून माहीत नाही.

नाणे फिर्यादीनेच ओळखावे लागते, असे साहेब म्हणाले. ते बाळाच्या गळ्यातून काढून इथे आणू नये. सयाजीने तिथे जाऊन, वाकून ओळखावे. त्याने बाळ अजून पाहिलेले नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वजनाचेही लिहिले आहे. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही) रंगूबाई