लाल लोकर बांधलेली ओळ

नाव सोलांज ब्रिअँ, वय ७१, धंदा भाजीपाला पिकवणे, राहणार लवार नदीकाठी, चर्चमागे. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझे मयत पती अर्मेल यांनी चाळीस वर्षं निवडून वाटाण्याचं एक बियाणं राखलं होतं. दाण्याला देठाशी काळा ठिपका असतो. साठवलेलं बी हिवाळ्यात उंदरांनी खाल्लं. उरलं ते एका ओळीत पेरलं आणि ओळीला लाल लोकर बांधली. लाल लोकर म्हणजे बियाण्याची ओळ, हात लावायचा नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

गेताँ लेफोर याचं गावात मोठं हॉटेल आहे. भाजी तो माझ्याकडूनच घेतो, स्वतः येऊन तोडतो. शुक्रवारी मी दवाखान्यात होते, तेव्हा तो तोडून गेला. शनिवारी दुपारी त्याने मला मानाने जेवायला बोलावलं.

तिसऱ्या वाढणीला वाटाणे आले. कोवळे, लोण्यात नुसते परतलेले. प्रत्येक दाण्याला काळा ठिपका होता. गेताँ सगळ्या पाहुण्यांना म्हणाला, ही चव पुन्हा कुणाला मिळायची नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, "लोकर दिसली नाही का रे तुला?"

"दिसली की, काकू. चांगलं ते तुम्ही तिथेच दडवता. काका गेले, आता बी कुणासाठी वाळवत बसणार?"

पाहुणे हसले. एक बाई जास्तच हसली.

मी पानातलं सगळं संपवलं. अन्न टाकायची आम्हाला सवय नाही. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू? मग काटा रुमालाला पुसला आणि गेताँला म्हटलं, "ये इकडे, हात बघू तुझा." त्याला वाटलं म्हातारी कौतुक करणार. त्याने उजवा पुढे केला. मी डावा मागितला. तो डावखुरा आहे. शेंगा सोलायला लहानपणी त्याला मीच शिकवलं.

काटा तळहातातून टेबलाच्या लाकडात गेला. डॉक्टर म्हणतात दोन बोटं आता वळणार नाहीत. ऐकून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ओळ पाहिली. एकही शेंग राहिलेली नाही. लोकर तेवढी आहे.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. 'रागाच्या भरात' असं साहेबांनी लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं.