डावीकडचं हँडल

माझ्या थापा सोडा, हे मात्र कानांनी ऐकलंय. २००५चा फेब्रुवारी, अमेरिकेतल्या पार्सिपनीजवळचं मासेमारीच्या सामानाचं दुकान. रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं. काकांचा उजवा हात बँडेजमध्ये, काकूंच्या हातात गळाची दोरी गुंडाळायचं स्वस्तातलं रील.

“अहो, शिवणयंत्राला घालते तसं मीच ह्यात खोबरेल घातलं. गोठलेल्या तळ्यावर थिजलं असणार.”

“छे! रीलच भिकार, अडकणारच.”

“ते सोडवायला तुम्ही हातमोजा काढलात. थंडीनं दोन बोटं गेली.”

“मोजा मी काढला, मृणाल. तू नाही.”

“मग काल चोरून रीलमधलं पांढरं काय खरवडत होतात?”

“बर्फ.”

“महिन्याभरानं? घरात?”

“नंबर आला बघ. थंडीत न थिजणारं तेल माग. हँडल डावीकडे बसवून घेऊ.”

“आणि तेल?”

“तूच घालायचंस.”