सहावं नववर्ष

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या बाजारपेठ मंडळाचे वाकात्सुकी साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले सगळ्यांचे करसल्लागार मिझोगुची सर, आणि मात्सुएतल्या माझ्या व्यापारी बंधुभगिनींनो,

मी ओरिए. स्टेशनमागची लाँड्री माझी. समोरच्या निम्म्या कोटांना इस्त्री मीच केली आहे, तेव्हा कृपया जरा ताठ बसा.

सरांविषयी बोलायचं तर एका घराविषयी बोलावं लागेल. विद्यापीठाजवळचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मी आणि माझे तेव्हाचे यजमान कुनिहिको, आम्ही तो दोघांच्या नावावर घेतला, भाड्याने द्यायला. पुढे संसार मोडला. फ्लॅट मात्र एकत्रच राहिला. दर फेब्रुवारीत भाड्याचा हिशोब घेऊन आम्ही सरांच्या कचेरीत शेजारी शेजारी बसायचो. वर्षातली तेवढीच भेट. त्या दिवशी मी केस सेट करून जायचे, हे सरांना कळलं नसेल असं मी कशाला समजू?

एका नोव्हेंबरात कुनिहिको म्हणाला, "भाडेकरू गेलाय, गिऱ्हाईक तयार आहे. घेऊन पाच वर्षं झाली, आता कर कमी बसेल. विकून मोकळे होऊ."

सर म्हणाले, "तुमच्या बोटांवर झाली हो पाच. कायदा ती पाच विकायच्या वर्षाच्या एक जानेवारीला पुरी झाली का ते मोजतो. तुम्ही घेतल्यापासून घराने नववर्षं किती पाहिली?"

"पाच," मी म्हणाले.

"मग सहावं पाहू द्या. आत्ता विकलंत तर नफ्यावर जवळपास दुप्पट कर भराल."

कुनिहिको वैतागला. "म्हणजे अजून थांबायचं?"

"तुला कसली एवढी घाई?" मी विचारलं.

कर वाचला म्हणून इथे प्रत्येकाने सरांचे आभार मानले. मी कशाचे मानू? त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं रिकामा फ्लॅट झाडायला गेलो. दुपारी जमिनीवर बसून वर्षअखेरच्या सोबा शेवया खाल्ल्या. तो म्हणाला, "ही खिडकी अजून अडकते गं."

"तू दुरुस्त करणार होतास."

"राहिलंच ते."

आणि उठून तो खिडकी घासत बसला. विकायला काढलेल्या घराची खिडकी. सर, कायद्याने सातवं नववर्षही मागितलं असतं तर मी आनंदाने थांबले असते.

जानेवारीत फ्लॅट गेला. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत सरांनी दोन वेगळी विवरणपत्रं पुढे केली. मी म्हटलं, "घर तर एकत्र होतं ना?"

"घर एकत्र, ओरिएबाई. नफा ज्याच्या त्याच्या वाट्याचा, सही ज्याची त्याची."

मी सही केली. तेव्हापासून फेब्रुवारी नुसता थंड असतो. मला त्याची फार आठवण येते.

आता कचेरीही बंद झाली. सर तळ्यावर गळ टाकून बसणार म्हणतात, माशांनाही थांबायला सांगतील. कचेरीतल्या त्या दोन खुर्च्या मी मागून घेतल्या. दोन्ही लाँड्रीत ठेवल्यात, शेजारी शेजारी.

मंडळाने मला बोलू दिलं, सर, तुम्ही इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात घरचं फार आलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि शेवटच्या रांगेत, दाराशी, चुरगळलेल्या कोटात बसलेल्या गृहस्थांसाठी एवढंच. लाँड्रीची खिडकीही अडकते, कुनिहिको. यायला नववर्ष मोजावं लागत नाही.