आपांसाठी बंद ठेवलेल्या चुली

जमलेल्या माय-बापहो, अन् अकोल्याहून आलेल्या आपांच्या घरच्या मंडळींनो,

मले माईकवर बोलता येत नाही. मी एसटी स्टँडवर जिलेबी-कचोरी विकणारा माणूस. ओरडून गिऱ्हाईक बोलावतो, तसंच आज बोलतो. आपल्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर नसीम आपा गेल्या. काल अकोल्याले त्यांना माती देऊन आलो, तरी 'गेल्या' म्हणताना जीभ अडते.

आपा इथं आल्या तेव्हा आपलं काय होतं, आठवा. साखरेची बिमारी असलेल्या माणसाचा पाय काळा पडला की त्याले मोठ्या दवाखान्यात न्यायचं, अन् एका पायावर परत आणायचं. बीपीची गोळी तर आमी वाटून खात होतो! "माही गोळी घे, तुले बी बरं वाटन." शेजाऱ्याले विरजण द्यावं, तशी गोळी देत होतो. हसू नका, तुमीही दिली आहे.

आपा दवाखान्यात वाट पाहत बसल्या नाहीत. बाजाराच्या दिवशी भर बाजारात टेबल मांडलं. भाजी घ्या, बीपी मोजा. चप्पल काढा, पाय दाखवा. जो आला नाही, त्याच्या घरी दवाखान्याच्या आशाताई हजर. एकदा मलेच म्हणाल्या, "भाऊ, तुह्या कढईनं माहे पेशंट वाढून राहिले." मी म्हटलं, "आपा, मंग तुमी माहे गिऱ्हाईक कमी करा." अन् त्यांनी खरंच केले!

पण मले सांगायचं आहे ते माह्या बापाच्या मयतीचं.

माही माय ही समोर बसली आहे. तिले साखर आहे. त्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं साखरेची गोळी घेतली. घरात मयत, म्हणून चूल बंद. पोटात अन्नाचा कण नाही. आमी अंगणात तिरडी बांधत होतो, अन् आत मायले दरदरून घाम फुटला. बोबडं बोलू लागली. बाया म्हणाल्या, दुःखानं झालं. आपा भेटाले आल्या होत्या. त्यांनी हात धरला अन् ओरडल्या, "हे दुःख नाही वं माय, साखर उतरली हिची! साखरेचं पाणी आणा!"

माही आत्या आडवी आली. "प्रेत घरात, अन् तोंड गोड करता? काहून रीत मोडता?"

आपा काय म्हणाल्या?

"आत्याबाई, आज एकच तिरडी उठू द्या."

आत्यानं स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. पुढं आपा तिच्याकडे मुद्दाम गेल्या. रीत मोडा, असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमीच सांगा, कसं करावं?" आत्यानंच तोड काढली. मयतीच्या घरची चूल बंदच राहीन, पण साखरवाल्यानं शेजारी जाऊन दोन घास खायचे. कोणी नावं ठेवायची नाहीत. तेव्हापासून गावात तसंच चालते. त्यानं किती माणसं वाचली, कोणाले माहीत? वाचलेला माणूस दिसत नाही, मंडळी. तो आपला तुमच्या बाजूले बसून असते.

आता आजचं ऐका. सकाळी मायनं गोळी घेतली, आपांनी शिस्त लावली म्हणून. जेव म्हटलं, तर जेवत नाही. शेजारी जा म्हटलं, तर म्हणते, "कोणाच्या घरी जाऊ? सभा झाल्याबिगर कोणीच चूल पेटवत नाही. आपा काय एका घरची होती?"

मी गल्लीगल्लीत फिरून पाहिलं. खरंच, साऱ्या गावानं आपांसाठी चुली बंद ठेवल्या. मले रडू आलं. अन् रागही आला. असं प्रेम मी कुठं पाहिलं नाही, अन् असा येडेपणाही नाही!

सकाळी साखरेची गोळी घेतली अन् अजून जेवले नाहीत, त्यांनी हात वर करा. लाजू नका.

पाहा. पाहा किती हात आहेत.

म्हणून मी आज भट्टी पेटवली. नावं ठेवायची तर मले ठेवा. मागं खिचडीचं पातेलं आहे. ज्यांनी हात वर केले, त्यांनी आधी खायचं. मंग सारेजण उभे राहू, दोन मिनिटं शांत राहू, आपांना सलाम करू.

माय, घे. तू घास गिळल्याबिगर इथं कोणी उभं राहणार नाही.