सुटका एक, जखमी एक

जनावरांच्या दवाखान्यात मांडीवरच्या पिल्लाला थोपटत बसलेल्या शाळकरी पोरीने कान टवकारले. शेजारी एक बाई निवृत्त बंबवाल्या आजोबांची उलटतपासणी घेत होत्या.

"मांजर आत नेलीय का तुमची?"

"हो. दात काढायचाय. भूल झेपेल का, ते रक्त तपासून सांगणार आहेत."

"वय किती तिचं?"

"एकोणीस."

"काहीतरीच! भिंतीवरचा तक्ता बघा, मांजरं बारा-चौदा वर्षं जगतात."

"तक्ता राहू द्या. अग्निशमन दलाच्या घटनांची यादी कुणालाही बघता येते. हे घ्या, मोबाइलवर वाचा."

"'पाइपात अडकलेलं मांजरीचं पिल्लू. सुटका एक, जखमी एक.' अगंबाई, तारीख खरंच एकोणीस वर्षांपूर्वीची! आणि जखमी कोण हो?"

"मी! तीस वर्षं आगीत शिरलो, साधा चटका नाही बसला. हिने मात्र नाक ओरबाडलं."

"आणि तरी घरी नेलीत?"

"एवढी भांडखोर पोर दुसरं कोण सांभाळणार?"

तेवढ्यात दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आजोबा, रिपोर्ट उत्तम आहेत. भूल देता येईल. पण आमच्या कंपाउंडरला फार ओरबाडलंय हो तिने."

आजोबा छाती काढून ताठ उभे राहिले.

"मग लिहून घ्या, डॉक्टर. जखमी दोन!"