ताईच्या फलकावरचं लॅमिनेशन

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावर बसलेले रस्ते विभागाचे मुख्य अभियंता साहेब, फलक छपाईच्या धंद्यातले वडीलधारे आणि स्नेही, आमच्या छापखान्यातले सहकारी, भाऊजी, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती माझी थोरली बहीण, ताई.

मी भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच राहू दे. त्यात माझ्या मागे लावलेल्या फलकाचं कौतुक आहे, आणि फलक आपल्यासमोर आहे.

अध्यक्ष सभ्य गृहस्थ आहेत. पण पुढच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, की भावानं बहिणीच्या निरोपाला जुनाच फलक पुसून लावलेला दिसतोय. मी ऐकलं. त्यांचं चुकलं नाही. तसाच दिसतो तो. पण फलक नवा आहे, कालच छापलेला, आणि फ्लोरोसंट शाईत छापलेला.

इथल्या व्यावसायिकांना ही शाई ठाऊक आहे. भाऊजींच्या रांगेसाठी सांगतो, कारण इतकी वर्षं संसार करूनही त्यांना मॅजेंटा आणि गुलाबी यांतला फरक कळलेला नाही, असं ताईच सांगते. उन्हात एक भाग असा असतो जो डोळ्यांना दिसत नाही. ही शाई तो पिते आणि रंग म्हणून परत देते. म्हणून कोऱ्या कागदापेक्षाही ती उजळ दिसते. दिवस कलताना साधे रंग विझतात, तेव्हाही ही जागी असते.

ताईला ही शाई आमच्या मोठ्या मशीनवर हवी होती. का, तेही सांगतो. साहेब, आपल्या विभागाचे 'काम चालू' फलक आम्ही छापतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणला होता. एका संध्याकाळी एक स्कूटरवाला चरात गेला. जीव वाचला, पाय मोडला. चराच्या अलीकडे फलक होता, आमचाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई तिथं जाऊन उभी राहिली. परत आली आणि मला म्हणाली, "आपला नारिंगी अंधार पडायच्या आधीच मातीसारखा होतो रे."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, विभागानं नारिंगी मागितला, आपण नारिंगी दिला.

ती गप्प बसली नाही. मशीनमधल्या दोन फिक्या शाया काढायच्या आणि त्यांच्या जागी फ्लोरोसंट पिवळी आणि गुलाबी भरायची, एवढंच तिचं मागणं होतं. मी म्हटलं, फिक्या शायांशिवाय फोटोतले चेहरे दाणेदार येतील, गिऱ्हाईक ओरडेल. ती म्हणाली, चेहऱ्यांसाठी दुसरं मशीन आहे. मी म्हटलं, ही शाई उन्हात टिकत नाही, काही महिन्यांत विटते. ती म्हणाली, खणलेल्या रस्त्यावरचा फलक तेवढाच टिकायला हवा, विटायच्या आत काम संपवायचं. साहेब हसले, त्यांचे आभार.

दर वेळी मी तिला सांगायचो, तू आत मशीन सांभाळ, बाहेरच्या कटकटी माझ्याकडे. मघाशी अध्यक्ष म्हणाले, की भावानं बहिणीला फार जपलं. अध्यक्षमहाराज, आपण प्रेमानं म्हणालात, पण मला मान वर करवली नाही.

आता ती लेकीकडे राहायला चालली आहे. जाण्याआधी ती मला न विचारता साहेबांना भेटली. साहेब म्हणाले, दाखवा, मग नव्या फलकांचं बघू. हे कळल्यावर मी ठरवलं, की समारंभाचा फलकच नमुना म्हणून करायचा आणि तो मी स्वतः छापायचा. तिला नकळत. साहेब बघतील आणि तीही बघेल. दोन शाया काढल्या, दोन भरल्या. मशीनमधून 'ताई' ही अक्षरं बाहेर आली तेव्हा आमच्या मशीनवाल्यानं डोळे चोळले.

मग मला वाटलं, हे असंच ठेवलं तर विटेल. म्हणून त्यावर लॅमिनेशन केलं. आमच्याकडची सगळ्यात चांगली पारदर्शक फिल्म, उन्हातला तो न दिसणारा भाग अडवणारी.

व्यावसायिक मंडळी माना खाली घालताहेत. घाला. शाई ज्याच्यावर जगते तेच मी वरून अडवलं. असं कुणी नवखा करत नाही. ज्याला आयुष्यभर प्रत्येक फलकावर फिल्म चढवायची सवय आहे, तोच करतो.

सभागृहात शिरताच ताईनं फलक पाहिला. आधी पडदे सरकवायला लावले. मग खिडक्या उघडायला लावल्या. दिव्यांचा दोष असावा, असं तिला मनापासून वाटत होतं. उजेड आत आला आणि फलक होता तसाच राहिला. तेव्हा ती माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "लॅमिनेशन केलंस ना?"

साहेबांनीही फलक पाहिला. मग घड्याळाकडे बघितलं. त्या क्षणी मला हे व्यासपीठ सोडून निघून जावंसं वाटलं.

क्षमा असावी, आपण सगळे माझ्याकडे बघायचं सोडून मागे काय बघता आहात?

ताई, अगं, राहू दे. बस खाली. तुझा सत्कार आहे.

ती म्हणते आहे, "बोल तू. कोपऱ्यात नख घालायला जागा मिळाली आहे."

मंडळी, छापल्यावर शाई पूर्ण सुकू द्यायची आणि मगच फिल्म चढवायची, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. समारंभाच्या घाईत मी तेही पाळलं नाही. म्हणून फिल्म नीट धरलेली नाही. सुटते आहे. सुटली तिथं अक्षर पेटल्यासारखं दिसतं आहे. काठाला थोडी शाईही निघते आहे, ताई, हळू.

साहेब उठून जवळ गेले आहेत. विचारताहेत, रस्त्यावरही असंच दिसेल का? माइक तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तिचं उत्तर मी सांगतो. "संध्याकाळी आणखी उठून दिसेल. पण टिकणार नाही साहेब. काही महिनेच. आणि यावर ऊन अडवणारं काही लावायचं नाही, कितीही वाटलं तरी."

साहेब म्हणताहेत, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पहिला फलक लावू.

अध्यक्षांचे, साहेबांचे आणि आपणा सर्वांचे मी आभार मानतो. माझ्या बोलण्यात काही राहिलं असेल, काही जास्तीचं आलं असेल, तर आपलं माणूस समजून सोडून द्या. आता कुणीतरी हा माइक धरा. वरच्या अक्षरापर्यंत तिचा हात पोचत नाही.