लेकरू कुणापाशी ठेवलं?

...नाही, पण मी म्हणते, एवढं विचारायचंच होतं तर खंडेराव आप्पांना एकदा तरी विचारायचं ना, शेळी घरी कुणापाशी का ठेवली नाही म्हणून? माझ्याआधी आप्पाच सरपंच होते, आणि त्यांची शेळी ग्रामपंचायतीच्या पडवीत बांधलेली असायची, रोजची, आणि तिनं बोर्डावरच्या नोटिसा खाल्ल्या, पोलिओच्या डोसाची तारीख खाल्ली, ग्रामसभेची सूचना खाल्ली, आणि गाव काय म्हणायचं? "जनावरावर लय जीव हाय बरं का आप्पांचा." संपलं. आणि मी सरपंच झाले, वेदिकाला कडेवर घेऊन ऑफिसात गेले, आता सव्वा वर्षाची पोरगी, अजून अंगावर पिते, तिला काय घरी खुंटीला अडकवून जाऊ? तर आमचे उपसरपंच भिमाजी तात्या, चष्म्यावरनं बघतात आणि म्हणतात, "सरपंचबाई, ही ग्रामपंचायत हाय का बालवाडी?" बरं बाई, चुकलं माझं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंपाशी ठेवून गेले, तर तेच तात्या, तोच चष्मा, "एकट्याच आल्या? मग लेकरू कुणापाशी ठेवलं?"

आता सांगा, या माणसाला काय उत्तर द्यायचं?

आणि एकटे तात्याच असते तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या, वय झालंय. पण तुम्हाला सांगते, एसटीत बसले की कंडक्टर, तिकीट फाडायच्या आधी, "ताई, लेकरू कुणापाशी?" नांदगावला पंचायत समितीत गेले, तिथला शिपाई, ज्याला मी जन्मात पाहिलं नाही, तो पाणी आणून देतो आणि विचारतो. मिस्टर माझे मनमाडला रेल्वेत आहेत, नवनाथ, रोज पहाटे डबा घेऊन जातात ते संध्याकाळी येतात, त्यांना इतक्या दिवसांत स्टेशनवर एकानं तरी विचारलं असेल का, काय हो, पोरगी कुणापाशी ठेवली? मी विचारलं त्यांना. ते म्हणाले, "मला कशाला विचारतील? तू हायेस ना." म्हणजे बघा. मी कुठेही असले तरी त्यांच्या लेखी मी घरीच आहे. आणि घरी नसते, म्हणून तर लोक मला विचारतात.

बरं, मी काय हौसेनं सरपंच झाले होय? जागा पडली बाईची. त्यात माझ्या वयाच्या बाईला म्हणे सातवी पास लागते, आणि आमच्या भावकीत सातवीचा दाखला असलेली सून मी एकटी. आठवीला शाळा लांब होती म्हणून बसवलं घरी, तो दाखला ट्रंकेत पडलेला, आणि एक दिवस खंडेराव आप्पा स्वतः घरी आले, चहा प्यायले, आणि म्हणाले, "सूनबाई, तू निस्ती सही करायची. बाकी आम्ही हायेत." मला काय, सही माझी चांगली आहे, वळणदार आहे. पण त्यांच्या एक ध्यानातच आलं नाही बघा, की सातवी शिकलेल्या बाईला सहीच्या वरचंही वाचता येतं.

आता वरती काय लिहिलेलं? तर गावाची नवी पाण्याची टाकी, आप्पांच्या मळ्याच्या कडेला. मळा गावाच्या खाली. आणि वस्ती वर. पाणी आपणहून वर चढत नाही हे सातवीच्या बरंच आधी शिकवतात. आमच्या वस्तीवरच्या बाया खालच्या विहिरीवरनं पाणी आणतात, उन्हाळ्यात दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर, आणि मी तर पोटुशी असताना आणलंय, आठव्या महिन्यापर्यंत. म्हणून मी मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं, "टाकी टेकाडावर का नको?" खंडेराव आप्पांनी त्यांच्या काळात आमच्या ग्रामसेवकाच्या अंगावर खुर्ची फेकली होती, खुर्ची, तेव्हा गाव म्हणालं, "धाक पायजेच." आणि मी एक प्रश्न विचारला, तोही डोक्यावर पदर घेऊन, तर तात्या म्हणतात, "बाईमाणसाला एवढा आवाज शोभत नाय." मग पुढच्या मीटिंगला गप्प बसले. तर म्हणे, "हिला काही कळतं का नाय?" त्याच्या पुढच्या मीटिंगला हसून बोलले. तर म्हणे, "दात लय निघतात सरपंचबाईंचे." दातांचं काय करू, ते पण सासूबाईंपाशी ठेवून येऊ?

पण ग्रामसेवक, महेश भाऊसाहेब, हळूच म्हणाले, "ताई, टेकाडच बरोबर आहे. मी सांगणारच होतो, पण मला कुणी विचारलंच नाही." खुर्ची आठवली असेल त्यांना. मग ग्रामसभेला मी सगळ्या बायांना बोलावलं, आल्या त्या हंडे खाली ठेवून, हात वर केले, आणि टाकी चढली टेकाडावर. ठराव झाला. सभा संपली. बाहेर पडले तर विहिरीवरची माझी स्वतःची मैत्रीण, जिनं हात सगळ्यात आधी वर केला होता, ती म्हणते, "बरं झालं गं बाई. पण लेकरू कुणापाशी ठेवलं?"

तर आता आलं टाकीचं भूमिपूजन. आणि भूमिपूजन म्हटलं की नारळ.

तुम्हाला तर ठाऊकच आहे, आपल्याकडं बाई नारळ फोडत नाही. बाई नारळ आणते, हळदी-कुंकू लावते, खोबऱ्याचे बारीक तुकडे करते, गावभर वाटते. मधलं एक ठाण करून आपटायचं तेवढं पुरुषाचं. आणि माझ्या सासूबाई, कुसाबाई, त्यांनी तर मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ संजना, लेकुरवाळीनं नारळ फोडू नाय. लेकराला बाधतं." आता मी तुमच्याशी खोटं कशाला बोलू? टाकीसाठी आप्पांशी भांडले, ते भांडले. पण वेदिकाला एक शिंक आली तरी मी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला बसते. मी कुठली नारळ फोडते? मी म्हटलं, नवनाथ फोडतील. सासूबाई खूश, आप्पा खूश, तात्या खूश. बॅनर लागला, त्यावर नवनाथ हात जोडून उभे, हे एवढे, खाली 'सरपंच पती', आणि माझा फोटो कोपऱ्यात, पासपोर्ट साइज, आधार कार्डावरचा.

पाहुण्या कोण, तर पंचायत समितीच्या सभापती मॅडम. त्या गाडीतनं उतरल्या त्या गॉगल लावून. आणि गर्दीत सुरू झालं, "गॉगल लावती." "साडी कितीची असंल?" "कुणासाठी एवढं?" आता मोतीबिंदू काढल्यापासून खंडेराव आप्पा गॉगल लावतात, सावलीत लावतात, लग्नात लावतात, पिठलं खातानाही लावतात, आणि मॅडमच्या शेजारी तोच गॉगल लावून उभे होते, पण त्यांच्याकडं बघून लोक म्हणतात रुबाब. मॅडम मात्र भर दुपारी, उघड्या टेकाडावर, तो लावून चुकल्या.

बरं, वेदिका गर्दी बघून जी रडायला लागली, ती मी घेतली तर राहीना, सासूबाईंनी घेतली तर राहीना, शेवटी बापाकडं झेपावली आणि त्यांची कॉलर धरून बसली, दोन्ही मुठींनी. गुरव म्हणाले, "चला, नारळ घ्या." नवनाथ म्हणतात, "अगं, हिला धर." मी हात पुढं केले तर तिनं असा टाहो फोडला की पार नांदगावला ऐकू जावा. मागनं आवाज आला, "बघा, आईला ओळखंना लेकरू." ओळखते हो. मघाशी पिऊन झाली होती, आता आईचं काम नव्हतं तिला.

गुरव घाई करतायत, वेळ टळतेय, नारळ माझ्या हातात, कॉलर तिच्या हातात. आणि सभापती मॅडम, काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाल्या, "सरपंच तुम्ही आहात ना? मग फोडा की तुम्ही."

सासूबाईंकडं बघितलं, त्यांनी डोळे मिटलेले. वेदिकाकडं बघितलं, नाक वाहतंय. मनात म्हटलं, देवा, काय बाधायचं ते मला बाधू दे, पोरीला नको... आणि आपटला.

फुटलाच नाही.

लगेच तात्या, "म्हनलं नव्हतं?" आता समाजमंदिराच्या वेळेला आप्पांनी नारळ आपटून आपटून शर्ट ओला केला होता, शेवटी भिका सुतारानं हातोडी आणून फोडला, तेव्हा गाव म्हणालं, दुकानदारानं नारळच खोटा दिला. माझा एकदा फुटला नाही तर बाईच खोटी. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, ते तीन हंडे आठवले, तो आठवा महिना आठवला, आणि जो आपटला... दोन भकलं, आणि पाणी उडालं ते थेट आप्पांच्या गॉगलवर. बाया हसल्या. मी मात्र आधी वळून वेदिकाकडं बघितलं. तर ती रडायची थांबलेली. हात पुढं करून खोबरं मागत होती.

झालं का मग माझं कौतुक? ऐका तर. आप्पांनी गॉगल पुसला, माईक घेतला आणि म्हणाले, "आमचा नवनाथ किती गुणाचा. बायकोच्या कार्यक्रमात लेकरू घेऊन उभा राहिला. असा पती मिळायला भाग्य लागतं." टाळ्या. आणि माझ्यासाठी आणलेली शाल नवनाथांच्या खांद्यावर. अर्धा तास पोरगी घेतली हो त्यांनी. मी सव्वा वर्ष घेतेय, मला साधा रुमाल नाही दिला कुणी. आणि ते शाल पांघरून लाजत होते वर. गावाच्या ग्रुपवर फोटो आला, त्यात नवनाथ, वेदिका, शाल, आणि कडेला एक हात आणि नारळ. तो हात माझा. बांगडीवरनं ओळखला मी. आता टाकीला पाणी आलं तर म्हणतील, आप्पांची पुण्याई. नाही आलं तर म्हणतील, बाईनं नारळ फोडला.

तरी मी तीनदा पोरीचं कपाळ चाचपलं त्या दिवशी. गार होतं.

पण खरी गंमत पुढंच आहे. सभापती मॅडमना गाडीपाशी सोडायला मी गेले. मला त्यांना लय काही सांगायचं होतं. म्हणायचं होतं, मॅडम, तुम्ही म्हणालात म्हणून हात उचलला मी. म्हणायचं होतं, हे लोक कसे बोलतात, तुम्हालाही बोलत असतील, मी तुमच्या बाजूची आहे. त्या गाडीत बसल्या, काच खाली केली, मी वाकले, तोंड उघडलं, आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडातनं काय निघालं असेल?

"मॅडम, लेकरू कुणापाशी ठेवलं?"

जीभ चावली मी. त्यांनी गॉगल काढला, माझ्याकडं बघितलं, आणि थकल्यासारख्या हसल्या. म्हणाल्या, "अहो सरपंच, माझा मुलगा पुण्याला इंजिनियर आहे. त्याला आता कुठं ठेवू?"

गाडी गेली. धुरळा खाली बसला. मी तिथंच उभी, लाजेनं मेल्यासारखी, स्वतःला दोष देत, की संजना, तू पण? तू पण त्यातलीच निघालीस? पुन्हा म्हणून कुठल्या बाईला हे विचारायचं नाही, अगदी कानाला खडा लावला मी...

पण काय करता, मनात आलं ते आलंच. पुण्याला एकटा पोरगा... जेवतो कुठं मग तो?